रक्त गेलं, दूध आलं नाही



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजक जरा घुटमळले. म्हणाले, 'डॉक्टर, पिट्यूटरी म्हणजे फारच मोठ्या शहराचं दुखणं झालं. शुगर, बीपी असं काही घेतलं तर?' आता शुगरवर बोलायला डॉक्टर लागत नाही. गावोगावच्या पारावर एकेक तज्ज्ञ बसलेला असतो. म्हणून मी अडून बसलो. पिट्यूटरी, शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका, जी आपण एका ओळीत वाचली आणि परीक्षेनंतर सोडून दिली, तिच्यावरच बोलेन म्हटलं.

कारण माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हे मुंबई-पुण्याचं दुखणं नाही. आपल्या नगर जिल्ह्यात ते दोन दारांनी येतं. एक दार बाळंतपणाच्या खोलीचं. दुसरं उसाच्या सरीतलं. तिसरंही एक आहे, पण ते आपण स्वतः उघडून देतो, त्याबद्दल ओघात बोलूच. आणि एकदा घरात शिरलं की हे दुखणं दहा-दहा वर्षं 'अशक्तपणा' या नावाखाली नांदतं.

आधी ग्रंथीची ओळख करून घेऊ. दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवा. तिथून सरळ आत, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक खोबण आहे. त्या खोबणीत हरभऱ्याच्या दाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची ही ग्रंथी मेंदूला देठाने लटकलेली असते. तिचा पुढचा भाग हुकूम सोडतो. थायरॉईडला वेगळा, मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनलला वेगळा, बाईच्या अंडाशयाला आणि पुरुषाच्या वृषणाला वेगळा. मुलांची उंची वाढवणारं हार्मोन तिचं, बाळंतिणीच्या अंगात दूध तयार करणारं प्रोलॅक्टिनही तिचंच. मागचा भाग दोन हार्मोन साठवतो. एक शरीरातलं पाणी लघवीवाटे वाहून जाऊ न देणारं, आणि दुसरं ऑक्सिटोसिन. पुस्तकं तिला 'मास्टर ग्लँड' म्हणतात. मास्टर कसली! तिच्या डोक्यावर हायपोथॅलॅमस बसलेला आहे, आणि ती त्याच्या शब्दाबाहेर नाही.

ऑक्सिटोसिन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुधाच्या जिल्ह्यात मी वेगळं काय सांगणार? वासरू सोडलं, त्याने कासेला दोन ढुशा दिल्या, की म्हैस पान्हावते. दूध काढणारा हात अनोळखी असला, कुत्रं भुंकलं, की ती दूध चोरते. दूध कासेत तयार आहे, पण उतरत नाही. तयार करणं हे प्रोलॅक्टिनचं काम, उतरवणं हे ऑक्सिटोसिनचं. काही गोठ्यांतून पान्हा सोडायचं म्हणून सर्रास जे इंजेक्शन टोचलं जातं, ते हेच. हे बेकायदा आहे, आणि म्हशीवर अन्यायही आहे. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता पहिलं दार. बाळंतपण.

गरोदरपणात ही ग्रंथी चांगली फुगते, कारण दुधाची तयारी चाललेली असते. पण ती जितकी वाढते त्या मानाने तिचा रक्तपुरवठा वाढत नाही. आणि तो पुरवठाही कसा? पुढच्या भागाला येणारं बहुतेक रक्त आधी हायपोथॅलॅमसमधून फिरून, मग बारीक शिरांतून, कमी दाबाने उतरतं. मुळा उजव्या कालव्याच्या टेलला ज्यांचं रान आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. धरणात पाणी घटलं की पहिलं कुणाचं पीक वाळतं? टेलवाल्याचं. बाळंतिणीच्या अंगावरून भरमसाट रक्त गेलं, ब्लडप्रेशर कोसळलं, की तेच होतं. हृदय, मेंदू, मूत्रपिंडं कशीबशी तगतात, आणि टेलची ही ग्रंथी वाळते. बाई वाचते, ग्रंथी मरते.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयातल्या हॅरोल्ड शीहान या विकृतिशास्त्रज्ञाने, १९३७ साली. बाळंतपणानंतर दगावलेल्या बायकांची शवविच्छेदनं करताना त्याला पिट्यूटरीचा पुढचा भाग मेलेला दिसत होता. त्याआधी हॅम्बुर्गच्या सिमंड्सने अशी ग्रंथी पाहिली होती, पण दोष जंतूंवर गेला होता. शीहानने दाखवलं की या बायकांमध्ये समान गोष्ट एकच आहे, रक्तस्राव. म्हणून हे 'शीहान सिंड्रोम'. श्रीमंत देशांत आता ते क्वचित दिसतं. आपल्याकडे? काश्मीरच्या डॉक्टरांनी २००५ साली एक पाहणी छापली. विशीच्या पुढच्या, मूल झालेल्या बायकांपैकी सुमारे ३ टक्के बायकांना हा आजार असावा असं त्यांना आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकींची बाळंतपणं घरी झाली होती. शंभरात तीन! याला दुर्मीळ म्हणायचं का?

एक बाई सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणारी. तापाने गुंगीत आणली होती. सोडियम ११२, म्हणजे फिट येऊ शकेल इतकं खाली. नवरा सांगत होता, 'नेहमीचंच आहे साहेब, हिला दर दोन-तीन महिन्यांनी सलाईन लागतंच. दोन बाटल्या चढवल्या की चार दिवस बरी असते.' खरंच होतं ते. बाटलीतल्या मिठाने आणि साखरेने चार दिवस उभारी यायचीच. चेहरा मेणचट पांढरा, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या, काखेत केस नाहीत. मी सासूबाईंना विचारलं, 'हिच्या शेवटच्या बाळंतपणाला काय झालं होतं?'

'फडावरच झाली. लई रगत गेलं. आम्ही आशा सोडली व्हती.'

'बाळाला अंगावर पाजलं का?'

'कुठलं वं! थेंब नाय आला. शेळीच्या दुधावर वाढवलं.'

'आणि पाळी?'

'ती तवापासून गेलीच. बरंच झालं, कामाच्या बाईला कटकट नाय.'

मुलगा अकरा वर्षांचा, शेजारीच उभा होता. म्हणजे अकरा वर्षं या बाईची ग्रंथी मेलेली होती. या अकरा वर्षांत तिला किती ठिकाणी दाखवलं असेल? रक्त वाढायच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, देवऋषी झाला. हे तीन प्रश्न मात्र कुणी एका दमात विचारले नव्हते. खूप रक्त गेलं होतं का? दूध आलं होतं का? पाळी परत आली का? निदानाचा निम्मा भाग या तीन उत्तरांत असतो, आणि त्याला एमआरआय लागत नाही.

ऊसतोडीच्या बायकांबाबत एक गोष्ट मला जास्त छळते. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडपासून पलीकडे बीडपर्यंत या पट्ट्यात तरुणपणीच पिशवी काढून टाकलेल्या बायका भेटतात. बीडमधल्या प्रकाराची २०१९ साली विधिमंडळात चर्चा झाली, सरकारने समितीही नेमली. तो प्रश्न पोटाचा आहे, मजुरीचा आहे, खाड्याचा आहे. माझ्या विषयापुरतं इतकंच, की पिशवीच नसली तर पाळी गेल्याचं कळणार कसं? तीन प्रश्नांतला एक साक्षीदारच गेला.

बरं, पिशवीतून रक्त जाऊ नये म्हणून काय द्यायचं? मूल बाहेर आलं की मिनिटभरात ऑक्सिटोसिनची १० युनिटं दंडात किंवा मांडीत. गर्भाशय आवळतं, रक्त थांबतं. पिट्यूटरीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं हे हेन्री डेल याने १९०६ साली पाहिलं, आणि विन्सेंट द्यू विन्यो याने १९५३ साली ते हार्मोन प्रयोगशाळेत बनवलं, त्याला १९५५ चं नोबेलही मिळालं. गंमत बघा, पिट्यूटरीला वाचवायचं औषध पिट्यूटरीचंच! पण ही कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मागे बसलेल्या नर्सिंगच्या मुलींनो, हे तुमच्यासाठी. एप्रिलच्या उन्हात, भारनियमनात, खिडकीतल्या ट्रेमध्ये पडून राहिलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी टोचल्यासारखं. फ्रिजमध्ये लस असते तशी ही कुपीही असली पाहिजे, आणि फ्रिज चालू आहे ना हे रोज बघणारं कुणीतरी माणूस हवं.

महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, हा २०१८ ते २०च्या पाहणीचा आकडा होता. आपण खूप सुधारलो, हे कबूल. पण हा आकडा गेलेल्यांचा आहे. मरता मरता वाचलेल्यांचा हिशोब कोण ठेवतं? वाचली, घरी गेली, पेढे वाटले, संपलं. माझी रुग्ण त्या वाचलेल्यांमधून येते.

आता दुसरं दार. घोणस.

आपल्याकडे शेतीला वीज रात्रीची. रात्री दारं धरायला जायचं, हातात मोबाईलची बॅटरी, पायात चप्पल किंवा तीही नाही. उसात उंदीर, उंदरामागे घोणस. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, मोठ्याने फूत्कारते, आणि अजगराचं पिल्लू समजून लोक तिला पायाने सारायला जातात. तिचं विष रक्तातली गोठण्याची यंत्रणा नको तिथे चालू करतं. सगळा माल खर्च होतो, आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं. मूत्रपिंडं बसतात.

दवाखान्यात याची तपासणी अगदी साधी आहे. कोरी, कोरडी काचेची नळी घ्यायची. प्लास्टिकची नको, साबणाने धुतलेलीही नको. दोन मिलिलिटर रक्त घालायचं आणि २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग तिरकी करायची. रक्त धो-धो वाहिलं, तर विष अंगात भिनलंय, प्रतिविषाची लस चालू करा. नातेवाईक म्हणतात, 'डॉक्टर नुसते घड्याळाकडं बघत बसलेत.' बघू द्या त्यांना. ती २० मिनिटं वाया जात नसतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे आहे. आपल्या शेजारी जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाचे रुग्ण वाचवण्याचं मोठं काम उभं केलं आहे. संगमनेर-अकोल्याच्या लोकांना ते नाव सांगायला नको.

तर माणूस वाचतो. गाव आनंदाने गुलाल उधळतं. आणि वर्ष-दोन वर्षांनी काय होतं?

राहुरीकडचा एक तरुण. घोणस चावली, लसीच्या बाटल्या लागल्या, तीन आठवडे डायलिसिस झालं, मूत्रपिंडं पूर्ववत झाली. दोन वर्षांनी भावाने आणला. उठलं की चक्कर, थंडी सोसत नाही, काम होत नाही. दाढी करावीच लागत नाही, महिना झाला तरी गाल गुळगुळीत. बायकोने नजर खाली घालून जे सांगितलं त्यावरून बाकीचंही कळलं. घरातल्यांचं निदान तयार होतं, 'विष आतून राहिलंय.' एका अर्थी खरंच राहिलं होतं. ब्रह्मदेशातल्या डॉक्टरांनी इंग्रज सहकाऱ्यांबरोबर १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की घोणस चावलेल्या माणसांची पिट्यूटरी निकामी होते, आणि चित्र हुबेहूब शीहानसारखं दिसतं. दक्षिण भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले. बारीक शिरांत गुठळ्या, ग्रंथीत रक्तस्राव, वरून कोसळलेलं ब्लडप्रेशर. बाईची जी अवस्था बाळंतपणात होते, ती पुरुषाची उसाच्या सरीत होते.

म्हणून माझा आग्रह आहे. घोणस चावून ज्याला डायलिसिस लागलं, त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहा: सहा महिन्यांनी, वर्षाने, पिट्यूटरी तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा काढला. मृत्यू कमी करायचे आहेत, ते व्हायलाच हवेत. पण वाचलेला माणूस नंतर कसा जगतो, हेही कुणीतरी विचारायला हवं.

तिसरं दार मघाशी म्हणालो ते. सांधेदुखीची पुडी. बाजाराच्या दिवशी मिळते, किंवा कुणाच्या तरी हातगुणाची म्हणून लांबून मागवतात. पहिल्या दिवशी गुडघे मोकळे, भूक लागते, चेहरा भरतो, आजी म्हणते देव पावला. त्यात अनेकदा स्टिरॉईड असतं. बाहेरून रोज स्टिरॉईड येतंय म्हटल्यावर पिट्यूटरी अॅड्रिनलला हुकूम देणंच बंद करते. मग पुडीवाला गायब होतो, पुडी एकदम बंद पडते, आणि आजी उलट्या होऊन कोलमडते. पण हे ऐकून दम्याच्या किंवा संधिवाताच्या माणसाने डॉक्टरांनी दिलेलं औषध आज रात्री बंद करू नये! औषध वाईट नाही, चोरून दिलेलं आणि अचानक तोडलेलं वाईट.

पिट्यूटरीच्या गाठींबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्या आपल्याच जिल्ह्यात जास्त आहेत असं काही नाही. मूल नसताना छातीतून दूध येणं, अंगठी घट्ट होत जाणं, चपलेचा नंबर वाढणं, चालताना कडेच्या वस्तूला धडकणं, ही त्यांची चिन्हं. दुधाच्या गाठी बहुधा आठवड्यातून दोन गोळ्यांवर आक्रसतात. बाकीच्यांना अनेकदा नाकातून शस्त्रक्रिया लागते. उंचीचं हार्मोनही याच ग्रंथीचं, म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना एकच विनंती. वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा वर्षातून दोनदा करा. चौथी-पाचवीचं मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं. चारच्याही खाली राहिलं तर 'बापावर गेलाय' म्हणून सोडू नका.

आता तपासणी आणि उपचार. इथे मोठी फसगत आहे. शिबिरात थायरॉईड तपासतात म्हणजे काय तपासतात? फक्त टीएसएच. पण टीएसएच बनवते कोण? पिट्यूटरी! ती मेली की टीएसएच वाढणार कसं? रिपोर्टवर 'नॉर्मल' येतं, आणि बाई गारठत असते. संशय असेल तर टी-फोर बघा, आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल बघा.

उपचार मात्र स्वस्त आहे, इतका स्वस्त की विश्वास बसत नाही. रोजची स्टिरॉईडची छोटी गोळी, रोजची थायरॉक्सिनची गोळी, महिन्याला दीडशे-दोनशे रुपयांत भागतं. पाथर्डीची बाई पंधरा दिवसांत स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली. पण क्रम चुकवायचा नाही. आधी स्टिरॉईड, चार-पाच दिवसांनी थायरॉक्सिन. उलट केलं तर अंगात उरलंसुरलं कॉर्टिसॉलही थायरॉक्सिनने जळतं, आणि बरं व्हायला आलेलं माणूस खाटेवरच कोसळतं. नर्सिंगच्या मुलींनो, वहीत लिहा. आधी स्टिरॉईड.

आता सगळं डॉक्टरांवर टाकून चालेल का? आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर पती-पत्नी आले. त्यांनी गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपणं, बाळांची वजनं, हगवण, सगळं त्या बायकांनी सांभाळलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेड बघायला येऊ लागले. आपण नगरचे लोक किती वेळा गेलो, हे विचारायला नको. त्या बायकांकडे यंत्रं नव्हती. घराच्या ओट्यावर बसून प्रश्न विचारायची मुभा होती, आणि डॉक्टरला जे उत्तर मिळत नाही ते त्यांना मिळायचं. आज ती जागा आशाताईंची आहे. बाळंतिणीला भेटायला जातील तेव्हा 'बाळ कसंय' याच्यापुढे जाऊन विचारावं: रक्त किती गेलं, रक्ताच्या पिशव्या लागल्या का, दूध आलं का. दूध आलं नाही तर सून आळशी आहे, बाटलीची हौस आहे, असं म्हणणाऱ्या सासूलाही ऐकवावं, की हे आजाराचं पहिलं चिन्ह असू शकतं.

शेवटची गोष्ट, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी. निरोगी माणसाच्या अंगात ताप आला, अपघात झाला की कॉर्टिसॉल आपोआप वाढतं. यांचं वाढत नाही. म्हणून ताप आला की स्टिरॉईडची गोळी दुप्पट, ताप उतरेपर्यंत. उलट्या होत असतील तर गोळी पोटात टिकणार नाही, तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, कुठल्याही जवळच्या दवाखान्यात, आधी टोचायचं आणि मग जिल्हा रुग्णालयाची वाट धरायची. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. उपवासाला गोळी चालते का, हे मला आषाढीला हमखास विचारतात. चालते. विठोबाची हरकत नाही.

हे सगळं मराठीत छापलेली कार्डं दाराशी ठेवली आहेत. रुग्णाने कार्ड पाकिटात ठेवावं, बायकांनी मंगळसूत्राच्या डबीत नाही, रोजच्या पिशवीत. चिठ्ठ्या आलेल्या दिसतात, त्या वर पाठवा, प्रश्न घेऊ.